गोडं पाणी

आमच्या घरामागे बावखल आहे. वसईबाहेर हा शब्द फारसा कानावर पडत नाही. विहिरीपेक्षा मोठं, तळ्यापेक्षा लहान, वाडीला पाणी मिळावं म्हणून जुन्या माणसांनी खणून ठेवलेलं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं आणि उरलेले आठ महिने जमिनीतल्या झऱ्यांवर जगतं. आमच्या बावखलात उतरायला दगडी पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर शेवाळाची एक हिरवी रेघ उमटलेली आहे. पहाटे मागचं दार उघडलं की माझी नजर आधी त्या रेघेकडे जाते. पाणी रेघेला लागलंय की खाली गेलंय, हे बघायचं आणि मग चुलीकडे वळायचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई असंच बघायच्या. त्यांची सवय माझ्यात कधी आली, कळलं नाही.

पाण्याकडे बघण्याची ओढ मात्र मी माहेराहून आणलेली आहे. माझं माहेर समुद्राच्या अगदी जवळ, किनाऱ्यालगतच्या वाडीत. मी पाच-सहा वर्षांची असताना आमच्या विहिरीवर रहाट होता. रेडा गोल गोल फिरायचा, लाकडी चाक कुरकुरायचं, मडक्यांची माळ भरून वर यायची आणि पन्हळीत रिकामी होऊन पुन्हा खाली जायची. पन्हळीतून पाटात, पाटातून केळीच्या आळ्यांत पाणी पळायचं, आणि मी त्याच्याबरोबर अनवाणी पळायचे. देवळाची घंटा झाली की आजोबा रेड्याला थांबवायचे, डोक्यावरची टोपी काढायचे आणि उभ्याउभ्या देवदूताची प्रार्थना म्हणायचे. तेवढा वेळ फक्त मडक्यांतून गळणाऱ्या थेंबांचा आवाज यायचा. आजही प्रार्थना म्हटलं की मला आधी तो आवाज आठवतो, आणि शब्द नंतर.

रविवारी रहाट बंद. मी एकदा आजीला विचारलं होतं, केळींना रविवारी तहान लागत नाही का? आजी म्हणाली, "लागते की. पण रेड्याला पण रविवार असतो. देवानं त्याचं नाव घेतलंय." मला वाटलं, ती लहान मुलीची समजूत काढते आहे. पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात निर्गम हे पुस्तक वाचलं तेव्हा कळलं, की आजी अक्षरशः खरं बोलली होती. विसाव्या दिवसाची आज्ञा ज्यांना लागू होते त्यांची यादीच तिथे दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि दाराशी आलेला परका.

ती यादी मी मोठेपणी पुन्हा वाचली, तेव्हा एका जागी अडखळले. तिच्यात बायकोचा वेगळा उल्लेख नाही. आज्ञेची सुरुवात 'तू' या शब्दाने होते आणि त्या 'तू'मध्ये घरची बाईही आली, असं जाणकार सांगतात. मीही तसंच मानते. पण 'तू' म्हटल्यावर ते आपल्यालाच म्हटलंय, हे आम्हा बायकांना पटकन ऐकू येत नाही. माझ्या आजीला ते ऐकू आलं नव्हतं. रेडा गोठ्यात निवांत रवंथ करायचा, आजोबा ओट्यावर पाय पसरायचे, आणि आजी मिस्सेवरून आली की लुगड्याचा पदर खोचून अकरा माणसांच्या रविवारच्या जेवणाला लागायची. तिचा रविवार कुठे गेला, हे आम्ही कुणी तिला विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही.

मग पंप आला. घरात केवढा आनंद झाला होता! रेड्याचं ओझं गेलं, आजोबांची पाठ वाचली. बटण दाबलं की पाणी. पण पंपाला रविवार नसतो. घंटेला थांबायचं त्याला माहीत नसतं, रात्र झाल्याचं कळत नाही. १९८०च्या दशकात तर वसईच्या गोड्या पाण्याला शहरात भाव आला. टँकर वाडीच्या तोंडाशी येऊन उभे राहू लागले. कुणी पाणी विकलं, कुणी विकलं नाही, पण जमिनीखाली कुंपण नसतं. बघता बघता किनाऱ्याकडच्या विहिरी बिघडायला लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती याच दुखण्यातून. माणसं रस्त्यावर उतरली. आमच्या घरातूनही बाबा गेले होते.

आमची विहीर बिघडली तो दिवस मला लख्ख आठवतो. आईने सकाळी डाळ चढवली. ती शिजेना. तासभर झाला, दीड तास झाला, दाणे दाताखाली कचकच लागत होते. डाळ जुनी असेल म्हणून तिने दुसऱ्या डब्यातली घेतली. तीही तशीच. मग तिने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि काही न बोलता ती तशीच मोरीपाशी उभी राहिली. मी धावत जाऊन विहिरीत डोकावले. पाणी भरपूर होतं. आदल्या दिवशीइतकंच निळं, तितकंच नितळ. आकाशाचा तुकडा त्याच्यात तसाच हलत होता.

आपली विहीर समुद्राच्या शेजारी असते, तेव्हा तिच्या तळाशी काय चाललेलं असतं ते बाबांनी मला तेव्हा समजावून सांगितलं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर राहतं. खारं जड, ते खालून आणि बाजूने टेकून असतं. गोड्या पाण्याचा भार पुरेसा असेल तोवर समुद्र आपल्या जागी थांबतो. उपसा वाढला, झऱ्यांना भरून यायला उसंत मिळाली नाही, की समुद्र आत सरकतो. विहीर आटत नाही. आटली असती तर लोक थांबले तरी असते. ती भरलेलीच दिसते आणि खारी होते.

हे मी पन्नाशी ओलांडल्यावर सांगते आहे. मधली तीस वर्षं मला त्या विहिरीची आठवणही झाली नव्हती.

त्या तीस वर्षांत मी वसई रोडवरून सकाळची लोकल पकडत होते. अंधेरीला एका बँकेत नोकरी. पहाटे साडेचारला उठायचं, डबे, सासूबाईंचं औषध, मुलांची दप्तरं, मग रिक्षा, मग पूल, मग गाडी. बायकांच्या डब्यात शिरलं की पहिला प्रश्न, "कुठे उतरणार?" समोरची 'बोरिवली' म्हणाली की जीव भांड्यात पडायचा. नायगाव गेलं की खाडीचा पूल येतो. तिथे गाडीचा आवाज पोकळ होतो, खिडकीतून खारा वारा आत येतो, आणि क्षणभर सगळा डबा गप्प होतो. माझी रोझरी तिथे सुरू व्हायची. सोमवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी दुःखाची, बुधवारी गौरवाची. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची रहस्यं दिली, तेव्हापासून गुरुवारी ती. भाईंदरपासून अंधेरीपर्यंत पन्नास नमो मरिया सहज व्हायच्या. बोटं मण्यांवर असायची आणि मन संध्याकाळच्या भाजीवर.

चर्चमध्येही मी कुठे मागे नव्हते. रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, नाताळच्या आधी गायनाचा सराव, गल्लीत कुणी आजारी असेल तर भेटायला जाणं, मयताच्या घरी जेवण पोहोचवणं. उपवासकाळ नेमका मार्चअखेरीत यायचा. चाळीस दिवस क्रूसाच्या वाटेची भक्ती आणि तेवढेच दिवस बँकेच्या ताळेबंदाची धावपळ. लोक म्हणायचे, "बाई, तू हे सगळं कसं जमवतेस?" ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं. कुणी मागितलं आणि मी नाही म्हणाले, असं होतच नव्हतं. बटण दाबलं की पाणी.

एका नोव्हेंबरात बँकेत एक आजीबाई आली. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला द्यायला माणसं सकाळपासून रांगेत बसलेली असतात. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला यंत्रावर अंगठा ठेवायचा. तिचा अंगठा लागत नव्हता. एकदा ठेवला, दोनदा ठेवला, पाच वेळा ठेवला. आयुष्यभर भांडी घासून, कपडे धुऊन तिच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. मागची रांग कुरबुरत होती. मी म्हणाले, "मावशी, हात तरी नीट पुसून यायचा! एवढी माणसं खोळंबलीत तुमच्यापायी." शब्द काही फार वाईट नव्हते. पण आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. तिने अंगठा पदराला पुसला, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "राहू दे. उद्या येते. दमलीस गं तू."

ती रागावली असती तर मी विसरून गेले असते. ती रागावली नाही.

त्या संध्याकाळी परतताना खाडीच्या पुलावर खारा वारा तोंडावर आला आणि मला अचानक आईची ती न शिजलेली डाळ आठवली. ओंजळीतलं पाणी चाखून उभी राहिलेली आई आठवली. मी आटले नव्हते. माझ्यातून सगळ्यांना सगळं मिळतच होतं. डबे मिळत होते, सह्या मिळत होत्या, प्रार्थनाही मिळत होत्या. फक्त त्या पाण्यात आता काही शिजत नव्हतं. घरात मी बोलले की मुलगी खोलीत निघून जायची. नवरा कमी बोलायला लागला होता. मला वाटत होतं, त्यांना माझी कदर नाही. त्यांनी पाणी चाखलं होतं, एवढंच.

पवित्र शास्त्रात एलियाची एक गोष्ट आहे. एवढा मोठा संदेष्टा, पण एके दिवशी थकून रानात जातो, झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. लहानपणी ऐकताना मला वाटायचं, आता देव त्याला धीराचे चार शब्द सांगणार. देव तसं काही करत नाही. एलिया झोपी जातो. देवदूत येऊन त्याला हलवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवलेली असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवू घालतो. वाट लांबची आहे, हे तेव्हा कुठे सांगतो. उपदेशाआधी दोन झोपा आणि दोन जेवणं. हे वाचताना मला प्रत्येक वेळी माझी आई दिसते. ताप आलेल्या पोराशी ती याहून वेगळं काय करायची?

आणि मार्था. मार्थाची गोष्ट प्रवचनात आली की आम्ही बाकांवरच्या बायका जरा अंग चोरून बसतो. येशू घरी आलेला, बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे आणि मार्था रांधता वाढता बेजार. ती तक्रार करते आणि येशू तिला प्रेमाने समजावतो. माझी सगळी सहानुभूती कायम मार्थाकडे होती. पाहुणे काय नुसत्या भक्तीवर जेवणार? पण माझ्याजवळच्या 'सुबोध बायबल'ची पानं चाळताना एकदा ध्यानात आलं, की मार्थाची गोष्ट तिथे संपत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तिचा भाऊ लाजर मरतो तेव्हा वेशीबाहेर जाऊन येशूला गाठणारी मार्थाच आहे. तूच ख्रिस्त आहेस, ही कबुली तिथे तीच देते. त्यानंतरच्या अध्यायात त्याच घराण्याचं पुन्हा एक जेवण आहे. मरिया सुगंधी तेल घेऊन येशूच्या पायांशी. आणि मार्था? मार्था वाढते आहे. पहिल्यासारखीच. फरक एवढाच, की या वेळी तिची तक्रार कुठे लिहिलेली नाही.

या एका ओळीवर मी किती दिवस घालवले असतील! मार्थाचं काम सुटलं नाही, स्वयंपाकघर सुटलं नाही. तिच्या पाण्यातला खार गेला. मधल्या काळात ती कुणाच्या तरी पायाशी बसली असेल, कुणीतरी तिचं ऐकून घेतलं असेल, ती मनसोक्त रडली असेल. झरे आत आले असतील.

मला जे करायला हवं होतं ते कळायला वेळ लागला, कारण मी आधी तेही काम म्हणूनच करायला घेतलं. विसाव्यासाठी तीन दिवसांचं मौनशिबिर करायचं ठरवलं, रजा मिळेना. पहाटे अर्धा तास जादा प्रार्थना करायची ठरवली. त्यात नावांची यादी वाढत गेली. नवऱ्याचं ऑपरेशन, मुलीची परीक्षा, नणंदेच्या मुलाची नोकरी. मी देवासमोर बसूनसुद्धा उपसाच करत होते. एके पहाटे यादी म्हणता म्हणता मी बावखलाच्या पायरीवर बसल्या बसल्या पेंगले. जाग आली तेव्हा फार अपराधी वाटलं. मग लिझ्यूची संत तेरेसा आठवली. अवघं २४ वर्षांचं आयुष्य लाभलेली ती कार्मेलाईट जोगीण. प्रार्थनेच्या वेळी तिला झोप लागायची आणि तिने ते लपवलं नाही. लेकरू झोपलेलं असलं म्हणून आईबापांना कमी लाडकं होत नाही, अशा अर्थाचं तिने लिहून ठेवलं आहे. येशू स्वतः वादळात हेलकावणाऱ्या होडीत उशीवर डोकं ठेवून झोपला होता. उशीचा उल्लेख मार्कने मुद्दाम केला आहे. ती उशी मला फार जवळची वाटते.

आता मी पहाटे पंधरा मिनिटं पायरीवर बसते आणि काही मागत नाही. हातात जपमाळ नसते. पाण्यावर कधी धीवर असतो, कधी नसतो. केळीच्या पानावरून दव टपटपतं. मनात भाजी येते, बँक येते, रागही येतो. येऊ देते. बाबा म्हणायचे, झरा दिसत नाही. पाणी चढलेलं दिसतं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मी पंपाचं बटण बंद करते आणि मीही थांबते. पहिल्या रविवारी नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणाले, "बरी आहे. आज माझा रविवार आहे." तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच चहा ठेवायला गेला. भांडी घासायला येणाऱ्या ताईंनाही मी रविवारची सुट्टी दिली. ती दिली नसती तर माझा विसावा त्यांच्या पाठीवर गेला असता. अनुवादाच्या पुस्तकात विसाव्याची आज्ञा दुसऱ्यांदा येते, तेव्हा तिचं कारण बदललेलं आहे. निर्गमात देवाने विसावा घेतला म्हणून तू घे. इथे मात्र, तू मिसर देशात गुलाम होतास हे आठव, आणि तुझ्या दासालाही तुझ्यासारखा विसावा मिळू दे. ज्याने थांबण्याची मुभा नसलेले दिवस काढले, त्यालाच दुसऱ्याच्या थांबण्याची किंमत कळते. रविवारची भांडी आता मुलगा आणि त्याचे बाबा घासतात.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. मार्चअखेर अजून मार्चअखेरच आहे, आणि काही संध्याकाळी आवाजात खार येतोच. माहेरची विहीरही पुन्हा पूर्वीसारखी गोडी झाली नाही. समुद्र एकदा आत आला की परत जायला फार पावसाळे लागतात.

ती आजीबाई मात्र दुसऱ्या दिवशी खरंच आली होती. मी उठून तिला खुर्ची दिली. अंगठा पुन्हा लागला नाही. मग एकेक बोट ठेवून बघितलं. अनामिकेचा ठसा लागला. यंत्रावर हिरवा दिवा पेटला, तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आहे बघ मी."

बायांनो, तुमच्या घरी बावखल नसेल. पण तुमच्यातही एक पायरी असेल, तिच्यावर एक रेघ असेल. आठवड्यातून एकदा पंप बंद करा आणि पाणी कुठवर आलंय ते बघा. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी ते रेघेच्या खाली गेलेलं असतं. सोमवारी पहाटे मी दार उघडते, तेव्हा तिसरी पायरी ओली असते.